चक्र किती वीज खातं?

मित्रांनो, मी एक जुना मल्टिमीटर आहे. आकडे चमकवणारा नव्हे, काट्याचा. विजेचा दाब किती, तारेतून ती वाहते किती आणि वाटेत तिला अडथळा किती, एवढं मी सांगतो. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, अडथळा ओहममध्ये. जे विचाराल तेवढंच सांगतो. जास्तीचं बोलायला मला तोंड दिलेलं नाही, आणि त्यापायी किती जीव जळतो ते मलाच ठाऊक.

माझा जन्म कारखान्यातला, पण मी माणसांत आलो तो हैदराबादेतल्या कोठीच्या बाजारातून. निवृत्तीआबांनी मला निवडून घेतलं. नांदेडकडून हैदराबादला आलेले आबा तेव्हा वायरमन होते. अंबरपेठेतल्या कितीतरी घरांचे पंखे, इस्त्र्या, मोटारी मी तपासल्या. "मीटर म्हणावं तर हे," असं आबा चारचौघांत म्हणायचे आणि मी उगाच फुशारून जायचो. मग आकडेवाला नवा मीटर आला, आबा निवृत्त झाले आणि मी ट्रंकेत जुन्या स्वेटरांखाली गेलो. वाईट वाटायचंच हो. खोटं कशाला बोलू?

यंदा भीमजयंतीच्या तोंडावर ट्रंक उघडली ती आबांच्या नातीने, स्वप्नाने. ती कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकते. तिने माझ्या पोटात नवा सेल घातला, धूळ पुसली. काम होतं चक्राचं.

हे चक्र आबा आणि त्यांची बायको सखूआजी यांनी मिळून बनवलेलं. लोखंडी कड्यावर चोवीस आऱ्या आणि प्रत्येक आरीच्या टोकाला एक पिवळा तारेचा बल्ब. दर जयंतीला ते विहाराच्या दारावर लागायचं. यंदा मात्र कमिटीने ते मिरवणुकीच्या गाडीवर, सगळ्यांत पुढे लावायचं ठरवलं होतं. आबा त्या दिवसापासून हवेत होते. रोज एकेक बल्ब पुसायचे.

गाडीवर वीज जनरेटरची. कमिटीचा धम्मदीप सांगून गेला होता, "जनरेटर दोन हजार वॅटचंच है. त्याच्यावर गेलं तर नक्को, ताई."

स्वप्नाने चक्राच्या दोन तारांना माझी टोकं लावली आणि ओहम विचारले. मी सांगितलं, आठ. तिने भराभर गणित केलं. दोनशे तीस व्होल्ट भागिले आठ, म्हणजे जवळजवळ एकोणतीस अँपिअर. त्याला पुन्हा दोनशे तिसांनी गुणलं. साडेसहा हजार वॅटच्या वर! तिचा चेहरा उतरला.

"आबा, जनरेटर जळून जाईल. चक्र नाही नेता यायचं."

आबांनी वाद घातला नाही. "तू हिशोब केला ना? मग बरोबरच असंल," म्हणाले आणि चक्र गुंडाळायला चादर शोधू लागले. मला तर रडूच कोसळलं असतं. आठ हे उत्तर खरं होतं, पण प्रश्नच चुकला होता, आणि मी बसलो होतो मुका.

सखूआजी म्हणाली, "बांधायच्या आधी एकदा लावून तर बघू द्या. वर्षाचा सण हाय."

आबांनी घरातल्या बोर्डावर चक्र लावलं. भिंती सोन्यासारख्या पिवळ्या झाल्या. आजी कौतुकाने बघत बसली, पण स्वप्ना बोर्डाकडे बघत होती. फ्यूज शाबूत होता. एकोणतीस अँपिअरला तो कधीच उडायला हवा होता.

तिने पिन काढायला लावली आणि लगेच चक्राच्या तारांना पुन्हा माझी टोकं लावली. यावेळी माझा काटा आठवर नव्हता. तो आठच्या बऱ्याच वरच्या आकड्यावर थबकला आणि मग हळूहळू आठकडे उतरू लागला. बल्ब निवत होते ना! स्वप्ना टक लावून बघत राहिली.

"आबा, मी थंड तार मोजली की हो," ती म्हणाली. "तापली की तिचा अडथळा वाढतो. जळत असतानाचा प्रवाह मोजायला पाहिजे."

आबांचे हात चादरीवरच थांबले. मग त्यांनी रबरी चप्पल घातली, पिन बाहेर असतानाच एक तार सोडवून मला मध्ये जोडलं आणि मगच वीज सुरू केली. चक्राची सगळी वीज आता माझ्या अंगातून जात होती. अडीच अँपिअर! नंतर दाब मोजला, दोनशे तीस. स्वप्नाने दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला. पाचशे पंचाहत्तर वॅट. भागाकार केला, तर अडथळा ब्याण्णव ओहम. कुठे आठ आणि कुठे ब्याण्णव!

"मी चुकल्यावर तुम्ही बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"तुझ्या शिक्षणावर माझा लई भरवसा हाय गं," आबा म्हणाले. "आज चूक तूच पकडलीस. आता जास्त हाय."

जयंतीच्या संध्याकाळी मीही गाडीवर होतो, आबांच्या मांडीवर. धम्मदीपने बटण दाबलं. थंड बल्बांनी पहिल्या क्षणी जास्त वीज ओढली, जनरेटर घुरघुरलं आणि स्वप्नाने श्वास रोखला. पण डोळ्याचं पातं लवतंय तोवर तारा तापल्या आणि ते शांत झालं. चक्र झळाळत सगळ्यांच्या पुढे निघालं. आबांनी शेजारी बसलेल्या आजीचा हात धरला. भर रस्त्यात! आजी लाजली, पण तिने हात सोडवला नाही.

तर मित्रांनो, दोन विनवण्या आहेत. आमच्यासारख्याला ठेवून देताना पोटातला सेल आठवणीने काढा, तो पाझरून आतून खातो. आणि कुणी बरेच दिवस थंड पडलेलं दिसलं, मग तो बल्ब असो की ट्रंकेतला म्हातारा मीटर, तर तेवढ्यावरून त्याचा हिशोब मांडू नका. आधी त्याला कामाला लावा, मग मोजा.