वासराच्या गळ्याची गाठ

प्राध्यापक लीलाधर नेहेते यांच्या अहवालात पान एक्केचाळीसवर नववी ओळ अशी आहे: "स्थानिक गवत कापणाऱ्या स्त्रिया तणमोर पकडण्यासाठी उभ्या गवताचे फास लावतात, असे पाच फास मंजुळाबाई हिलाल पाटील यांच्या कापणीच्या पट्ट्यात आढळले."

मंजुळाबाई माझी बायको. गेल्या वर्षी, एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात, ती काविळीने गेली. ओळ मात्र तिथेच होती. ती काढायला मी काय केलं ते लिहितो. मी सातवी शिकलो आहे. अर्ज लिहिता येतो, त्यापलीकडे काही येत नाही.

तणमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात सोनगीरच्या पुढे आमच्या कुरणात यायचा. नर काळा-पांढरा, मादीला दिसावा म्हणून गवतातून माणसाच्या डोक्याइतकी उंच उडी मारायचा, पुन्हा पुन्हा, दिवसभर. मादी मातकट. ती जमिनीवरच अंडी घालून बसते, पाय पडेपर्यंत दिसत नाही. भादव्यात बाया ओला चारा कापायला जात तेव्हा विळा घरट्यावर यायचा.

मंजुळाने त्यावर एक रीत काढली होती. अंडी दिसली की त्यांच्या चारी बाजूचं मूठ मूठ गवत उभंच ठेवून वर शेंड्याला त्याला गाठ मारायची. लांबून दिसायचं. गाठ दिसली की बाकीच्या बाया तेवढं खळ्याएवढं गवत सोडून पुढे जात. तिने कोणाला भाषण दिलं नाही. चार-पाच वर्षांत सगळ्याच तसं करू लागल्या.

शहाऐंशी साली नेहेते सर जीप घेऊन आले. मूळचे सावद्याचे, घरी केळीचे मळे, जळगावच्या कॉलेजात शिकवायचे. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. भादव्यात त्या बुटांत पाणी शिरलं की पचपच वाजायचं आणि पक्षी आधीच उडून जायचे. तरी तीन महिने ते पक्षी मोजत होते. बावीस मोजले. त्यांतले किती दोनदा मोजले ते त्या बुटांनाच ठाऊक.

ते बायांशी बोलले नाहीत. सोबत वनखात्याचा गार्ड रतिलाल असायचा, त्याला विचारायचे. रतिलालला तणमोर आणि तितर यांतला फरक ताटात आल्यावरच कळायचा.

एक दिवस सरांना गवतातल्या गाठी दिसल्या. त्यांनी फोटो काढले. संध्याकाळी रतिलाल माझ्या घरी कागद घेऊन आला.

"हिलालभाऊ, पंच म्हनीसन सही पाह्यजे."

"कशावर?"

"कुरणमा पाच गाठी सापडन्यात, त्यानावर. सायेबना अभ्याससाठे शे."

कागदावर 'फास' लिहिलेलं होतं. मी वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणणार नाही.

"इथं फास लिहिलंय," मी म्हणालो.

"फास काय नि गाठ काय, कागदवर एकच दिखस. सायेबले कारण पाह्यजे. पक्षी कमी का व्हयनात, काही तं लिखनं पडी ना."

रतिलालच्या गोठ्यात दोन गायी आणि एक वासरू होतं. रोज सकाळी त्या वासराला बांधताना तो तीच गाठ स्वतःच्या हाताने मारायचा. त्याला पुरतं माहीत होतं. पण साहेबासमोर मान डोलावून डोलावून त्याची मान तशीच झाली होती. आणि मी? जीपवाल्या माणसाने गावात माझं नाव विचारलं, एवढ्यानेच मी फुगलो होतो. सही केली. खाली तारीखही टाकली, मोठ्या अक्षरात.

मंजुळा आमच्या वासरापुढे भारा टाकून आत आली. मी सांगितलं.

"तुमीन वाचं का?"

"वाचलं."

"ती गाठ ओढी दखी का?"

"नाही."

"आन् सही करी दिनी."

तिने पदराने तोंड पुसलं आणि चुलीकडे गेली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी अहवाल छापून आला आणि कुरण बंद झालं. तारेचं कुंपण, पाटी, आत जाणं मना. ग्रामपंचायतीत ती नववी ओळ मोठ्याने वाचली गेली. ज्या बायांनी स्वतः त्या गाठी मारल्या होत्या त्याच विहिरीवर हसून म्हणू लागल्या, "मंजुळामायना मोर उडी गया, आन् आमना चारा बी लई गया." चाऱ्याला आता तीन मैल पलीकडे नाल्याकाठी जावं लागे. बाया पहाटे टोळीने निघत. मंजुळाला कोणी हाक मारत नसे. ती मागून एकटी जायची, एकटी यायची. चार वर्षं. आमच्या शेजारची कमलबाई, जिच्या दोन बाळंतपणांत मंजुळा रात्रंदिवस बसली होती, तीसुद्धा दार लोटून घ्यायची.

आजारपणात एकदा मंजुळा म्हणाली, "ती वळ काढी टाका." दुसरं काही मागितलं नाही.

ब्याण्णवच्या ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह होता. धुळ्यात एका सभागृहात नेहेते सरांचं भाषण ठेवलं होतं. पेपरात वाचून मी गेलो. पिशवीत बंधाऱ्यावरचं मारवेल गवत नेलं, मुळापासून कापलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळून.

सर आता जाड झाले होते, बूट मात्र चकचकीत होते. त्यांनी पडद्यावर आमचं कुरण दाखवलं. मला ओळखू आलं नाही. गवत छातीएवढं वाढून आडवं पडलेलं, मधून मधून वेडी बाभूळ. सर म्हणाले, "पाच वर्षं कापणी बंद राहिल्याने गवत माजलं, काटेरी झुडपं शिरली. नराला उडी मारून दाखवायला उघडी जागा उरली नाही. यंदा एकही तणमोर आढळला नाही. म्हणजे टप्प्याटप्प्याने कापणी ही या पक्ष्याची गरज आहे. हा आमच्या संशोधनाचा नवा निष्कर्ष."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी कापणी बंद पाडली त्यांनीच ती लागते असं शोधून काढलं, आणि टाळ्या दोन्ही वेळेस त्यांनाच. शेवटी सर म्हणाले, "अर्थात फास लावून होणारी शिकार हेही कारण आम्ही पूर्वी नोंदवलेलं आहेच."

मी उभा राहिलो. "सर, तो फास मी तुम्हाला दाखवू का?"

संयोजक म्हणाला, "बाबा, प्रश्न लेखी द्या."

"लेखी एकदा दिलंय. त्याचंच निस्तरायला आलोय."

लोक हसले. सरांना वाटलं गंमत आहे, त्यांनी मला पुढे बोलावलं. मी गवताची एक मूठ काढून सरकती गाठ मारली, जिने तितर धरतात ती. "सर, बोट घाला. आता ओढा." त्यांनी ओढलं, बोट आवळलं.

"हा फास," मी म्हणालो. मग दुसऱ्या मुठीला मंजुळाची गाठ मारली. "आता यात बोट घाला आणि ओढा."

त्यांनी ओढलं. गाठ जागची हलली नाही. बोट सैलच.

"जोरात ओढा. तुम्ही खात्यापित्या घरचे आहात."

त्यांनी पुन्हा ओढलं. गवत तुटलं, गाठ तशीच राहिली.

"ही वासराच्या गळ्यातली गाठ," मी म्हणालो. "वासरू कितीही ओढो, गळा आवळत नाही. म्हणूनच ती शोधलेली आहे. हिने पक्षी धरायचा तर पक्ष्याला आधी विनंती करावी लागेल. सर, तुमच्याकडे केळी. केळीच्या गळ्यात दावं नसतं, म्हणून तुम्हाला माहीत नसेल. पण ओढून बघायला काय लागत होतं?"

सर माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी खिशातून वही काढली.

"आबा, हे अतिशय महत्त्वाचं पारंपरिक ज्ञान आहे. यावर स्वतंत्र निबंध होईल. आभारात तुमचं नाव टाकू."

पाच वर्षं जिला चोर म्हटलं तिच्या गाठीवर आता हे गृहस्थ निबंध लिहिणार होते. थुंकावंसं वाटलं. सभागृहात फरशी स्वच्छ होती, म्हणून थुंकलो नाही.

"निबंध नको," मी म्हणालो. "पान एक्केचाळीस, ओळ नववी. ती काढा."

"छापलेली ओळ कशी काढणार, आबा?"

"छापलेल्या बाईचं नाव तुम्ही गावातून काढलंत ना? तसंच."

दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत लावू, असं त्यांनी शंभर माणसांसमोर कबूल केलं. महिनाभर वाट पाहिली. दोन पत्रं टाकली. मग पारोळा-एरंडोलवरून एसटीने जळगावला गेलो. सर म्हणाले, चिठ्ठ्या छापून आल्या आहेत, पण शिपायाला वेळ नाही. मी म्हणालो, मला आहे. खळ मी घरूनच करून नेली होती, डब्यात.

अहवाल एका लोखंडी कपाटात होते. तीनशे छापले होते, दोनशे सत्तर कपाटातच. दोरी बांधलेले गठ्ठे, वर धूळ. पानं एकमेकांना चिकटलेली, ती सोडवावी लागत होती. एकही प्रत कोणी उघडलेली नव्हती. त्या एका ओळीसाठी मंजुळा चार वर्षं एकटी चालली, आणि ती ओळ वनखातं आणि आमची ग्रामपंचायत सोडून कोणी वाचली असेल असं वाटेना. असल्या पुस्तकाला उधई, म्हणजे वाळवी, लागायला हवी होती. पण उधईनेही तोंड लावलं नव्हतं.

दोन दिवस बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. "पान ४१, ओळ ९: 'तणमोर पकडण्यासाठी उभ्या गवताचे फास' याऐवजी 'तणमोराची घरटी वाचवण्यासाठी उभ्या गवताला गाठी', आणि 'असे पाच फास' याऐवजी 'अशा पाच गाठी' असे वाचावे." सर एकदा डोकावले, चहा पाठवू का म्हणाले. मी नको म्हणालो.

एक प्रत घेऊन घरी आलो. संध्याकाळी कमलबाई ओट्यावर शेंगा सोलत होती. मी तिला आधी ओळ वाचून दाखवली, मग चिठ्ठी. म्हटलं, आता गावात सांग.

तिने मान वर केली नाही. "आमले बठ्ठ्यासले माहीत व्हतं, आबा. ती गाठ तिनीच आमले शिकाडी व्हती."

"मंग कोनी बोलनं का नही?" मी विचारलं. मी तिच्याशी तिच्या बोलीत क्वचितच बोलतो, सातवी शिकल्याचा माज.

"काय बोलनार?" ती म्हणाली. "खाल तुमनीच सही व्हती. घरना मानूसनी लिखी दिनं, तठे आमीन कोन?"

शेंगांची टरफलं तिने सुपात गोळा केली आणि आत गेली. या वेळी दार लोटलं नाही.

पंचनामा अहवालाच्या शेवटी छापला आहे, पान त्रेसष्ट. तिथे माझी सही आहे, तारखेसकट, मोठ्या अक्षरात. दोनशे सत्तर प्रतींत मी एक्केचाळीसावं पान उघडलं, त्रेसष्टावं एकदाही उघडलं नाही. सरांनी गाठ ओढून पाहिली नाही म्हणून मी भर सभेत त्यांना हसलो. त्यांच्याकडे निदान वासरू नव्हतं.

डब्यात थोडी खळ उरली आहे, वाळायच्या आत वापरली पाहिजे. चिठ्ठ्या मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे: "पान ६३: ही सही खोट्या कागदावर केलेली आहे. हिलाल पाटील." दोनशे सत्तर लिहायच्या आहेत. चाळीस झाल्या. सोमवारी पुन्हा जळगावला जातो.