नस जोडून देणारं राज्य

जिवल्या आनंदाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या काखेत धुतलेल्या सदऱ्याची गुंडाळी होती. इस्पितळात राहायची तयारी करून आला होता तो. मागे त्याचा मेव्हणा चिंतू, हाताची घडी घालून.

"राज आलां ना तुजां?" जिवल्या म्हणाला. "चल मंग."

आनंदाने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

सत्याहत्तर सालचा चैत्र होता. दिल्लीतलं सरकार पडून महिना होत आला होता. आणीबाणी उठली, आणि बोईसरात जो तो सांगत सुटला की आपण पहिल्यापासून विरोधातच होतो. ज्यांनी दीड वर्ष तोंडातून ब्र काढला नव्हता त्यांची आता थुंकी उडायची थांबत नव्हती. ज्या भिंतींवर शिस्तीच्या घोषणा होत्या त्यांच्यावरच लोकशाहीच्या विजयाच्या घोषणा चढल्या, आणि रंगवणारा पेंटरही तोच. चाळीची मात्र दोन शकलं झाली होती. हरलेल्या बाजूची माणसं नळावर आनंदाची बादली पायाने सरकवायची, जिंकलेल्या बाजूची त्याला 'नेताजी' म्हणून चहा पाजायची. त्याला दोन्हींचा वीट आला होता.

आनंदा सातारकडचा. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं पुडीच्या कागदापासून वर्तमानपत्रापर्यंत वाचून शिकला. रंगाच्या कारखान्यात कामाला होता, नखं कायमची निळी. प्रचारात त्याने रजा घालवल्या, पायाला फोड येईस्तोवर पाडे पालथे घातले. खोटा माणूस नव्हता तो. पण सफाळ्याच्या डोंगरालगत जिवल्याच्या वारली पाड्यावर बोलताना त्याला चेव चढला, आणि तो बोलून गेला, "आमचं राज्य येऊ द्या, सरकारी खर्चानं तुमच्या नसा परत जोडून देतो!" पाड्याने टाळी वाजवली. सबंध पाड्याने त्या एका वाक्यावर मत टाकलं. नसबंदीत कापलेली नस पुन्हा जोडता येते असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. कुणाला विचारलं मात्र नव्हतं. निकाल लागल्यापासून हेच एक वाक्य त्याच्या मानेवर बसलं होतं.

जिवल्याला काय झालं होतं ते साऱ्या पाड्याला ठाऊक होतं. खंडेराव ठेकेदाराने त्याला कामावर नेतो म्हणून ट्रकात बसवलं आणि नसबंदीच्या शिबिरात नेऊन उतरवलं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिथल्या कारकुनाने विचारलं, मुलं किती? जिवल्या म्हणाला, नाय अजून. दोन, असं खंडेराव म्हणाला. नियमाला दोन लागायची, कागदावर दोनच धरली गेली. येताना जिवल्याच्या हातात तुपाचा डबा दिला.

"माजी बहीन तुज्या बोलन्यावर ठेवलेली हाय," चिंतू म्हणाला. लाडकी त्याची धाकटी बहीण, जिवल्याची बायको. "आमी तिच्यासाटी दुसरां घर बघलेलां. पंच बोलली, थांब, राज येऊं दे. आता लगनां सरायच्या आत काय तां सांग. नायतर मी तिला नेतां."

चुलीपाशी बसलेल्या रत्नाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "जावा की आता. सुई-दोरा देऊ का बरुबर?"

आनंदा उठला. शर्ट अडकवला आणि निघाला. खाली बिहारी मिस्त्रीने हाक मारली, "क्यों नेताजी, जुलूस में?" त्याने मान डोलवली, हो की नाही ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

पालघरला विजयाच्या सत्काराचा मंडप घातला होता. वकीलसाहेब, म्हणजे तालुक्यातले पक्षाचे मोठे, सभेआधी घरी माणसं भेटत होते. दोघांना ओसरीवर बसवून आनंदा मदत मागायला आत गेला. आत एक डॉक्टर चहा पीत बसले होते. आनंदाने त्यांनाच विचारलं, साहेब, नस जोडता येते का?

"येते की. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात करतात," डॉक्टर म्हणाले. आनंदाचा श्वास जरा मोकळा झाला. "पण दहांतल्या चौघांना मूल होतं म्हणा. सहांना नाही. आणि तुमच्या माणसाची कशी कापलीय ते उघडल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. शिबिरात काय घाई असायची, ठाऊक आहे ना?"

"म्हणजे खात्री नाही."

"खात्री पुढारी देतात. डॉक्टर देत नाहीत," ते हसून म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

वकीलसाहेबांनी खांद्यावर हात टाकला. "आनंदराव, असली एकेक प्रकरणं आज काढू नका. आयोग बसेल, चौकशी होईल, तिथे मांडू. आज खंडेराव आपल्यात येतायत. मोठं मन ठेवा."

"कोण खंडेराव?"

"ठेकेदार हो. मजूर आहेत त्यांच्या शब्दात. विधानसभेला लागतील."

"त्याच मजुरांना त्यानं ट्रकात घातलं हुतं, साहेब."

"दबाव होता त्यांच्यावर. सगळ्यांवरच होता. तुमच्यावर नव्हता?"

होता. कारखान्यात संपाचं नाव काढायची सोय नव्हती तेव्हा आनंदाही मान खाली घालून पाळी भरत होता. पण मान खाली घालणं आणि दुसऱ्याला ट्रकात घालणं, दोन्ही एकाच तागडीत टाकून हा माणूस मोकळा झाला होता. जिंकणं म्हणतात ते हेच असेल, तर हरलेले तरी कशाला रडतायत, असं आनंदाच्या मनात आलं. त्यांचं राज्य गेलं कुठे? त्याने नुसता दुसरा सदरा चढवला.

मंडपात खंडेराव दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसला होता. गळ्यात झेंडूचा हार. भाषणं चालू होती, लोकशाही, दुसरं स्वातंत्र्य, हुकूमशाहीला मूठमाती. आनंदा कडेच्या खांबाला टेकून उभा होता. डॉक्टरचं बोलणं जिवल्याला कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, याची तो जुळवाजुळव करत होता. तेवढ्यात जिवल्याने त्याचा दंड धरला.

"तो ट्रकवाला ना?"

"व्हय."

"तो तुमच्यांत आला?"

आनंदाला मान वर करवेना. "आला."

जिवल्याचा चेहरा एकदम उजळला. "मंग बराबर हाय. कापवली त्यानी, तर जोडवील पन तोच. त्याला जागा म्हायत हाय."

आनंदा अडवीपर्यंत तो गेलासुद्धा. भाषण संपून खुर्च्यांची ओढाओढ चालली होती. वारली माणूस मोठ्यालाही अरेतुरेच करतो. जिवल्याने सरळ विचारलं, "कवा जोडवतंस?" खंडेरावाने क्षणभर डोळे बारीक केले. मग त्याला ओळख पटली, की पटली नाही, कोण जाणे. पण हात जोडलेले होतेच, ते त्याने जरा वर नेले आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "आता आपलं राज्य आलंय. सरकारी खर्चानं जोडून देऊ, काळजी करू नको."

तेच शब्द. तोच ठसका.  पाड्यावर आपण असेच दिसलो असणार, आनंदाला वाटलं. फक्त गळ्यात हार नव्हता.

"झालां," चिंतू म्हणाला. त्याची हाताची घडी पहिल्यांदाच सुटली. "मी थांबतां मंग. लाडकी ऱ्हाऊं दे."

इथे गप्प बसणं सोपं होतं. आनंदा गप्प बसला असता तर जिवल्याचं घर आणखी काही महिने टिकलं असतं. पावसाळा गेला असता, दिवाळी गेली असती. पोरगी नवऱ्यापाशी राहिली असती. खोटं बोलणारा दुसराच होता, आनंदाला फक्त तोंड मिटायचं होतं. सफाळ्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये तो हेच घोळवत बसला. समोर चिंतूशेजारी जिवल्या खिडकीला नाक लावून केळव्याकडच्या वाड्यांची झाडं बघत होता आणि मधूनच हसत होता.  पण दीड वर्ष गप्प बसून आता बडबडणारी माणसं आनंदाने महिनाभर पाहिली होती, आणि त्यांच्या रांगेत त्याला उभं राहायचं नव्हतं.

पाड्यावर पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. लाडकी अंगण सारवत होती. हात शेणाचे, तशीच उठली. आनंदा ओट्यावर बसलाच नाही.

"चुकलो मी," तो म्हणाला. "सरकार जोडून देत न्हाई. मुंबईला जावं लागंल, डाक्टर करतो. दहा जणांतल्या चौघांना पोर होतं. सहांना होत न्हाई. तुजं काय होईल कुणालाच ठावं न्हाई. आन् खंडेराव बोलला ते खोटं हाय. म्याबी खोटंच बोललो हुतो."

 जिवल्याच्या कपाळाची शीर फुगली.

"तवा हो बोललास. मत घेतलांस. आता नाय बोलतंस? तो तर हो बोलला." त्याने काखेतली गुंडाळी ओट्यावर आपटली. "मी त्याच्याकडं जाईन. तुज्याकडं नाय."

आनंदाला वाटलं, खरं बोललं की माणसं जवळ येतात असं कुठल्या पुस्तकात वाचलं होतं आपण? इथे तर खरं बोलणारा परका झाला आणि ट्रकवाला सोयरा.

"चल गं," चिंतू बहिणीला म्हणाला. "लुगडां घे. हितं काय ऱ्हायलां नाय."

लाडकी जागची हलली नाही. इतका वेळ तिला कुणी काही विचारलं नव्हतं. शिबिराआधी नाही, मताआधी नाही, पंचांपुढे नाही. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "खंडेराव कामाला हो बोलला तवाच तर ट्रकात चढलास ना तू?"

जिवल्याने तोंड फिरवलं.

मग ती आनंदाकडे वळली. "तुला आदी म्हायत होतां, चौगांनाच पोर होतां तां?"

"न्हाई. इचारलंच न्हवतं म्या."

"न इचारता बोललास."

"व्हय."

तिने हात धुतले. पाणी ओतता ओतता, कुणाकडे न बघता भावाला म्हणाली, "तू जा घरा. मी काय शेरडी नाय, ह्या खुंटीची सोडून त्या खुंटीला बांदायला. ममईला जातां. डोल्यांनी बघतां. मंग ऱ्हायाचां का जायाचां तां मी सांगन." आणि आनंदाला, "तू येशील. आमाला तितली बोली नाय येत. आमी भायेर येस्तोवर तितंच बसशील."

"कारखाना..." आनंदाच्या तोंडून निघालं.

"कारखाना?" ती म्हणाली. "मत मागाया आल्तास तवा नवता कारखाना?"

 आनंदाच्या रजा संपल्या होत्या. साहेब वाटच बघत होता, नेतेगिरी करणाऱ्याला कधी बाहेर काढता येईल याची. रत्नाबाईला काय सांगायचं? आणि ह्या सगळ्याच्या पलीकडे तो सहाचा आकडा बसला होता. उद्या डॉक्टरने नाही म्हणून मान हलवली तर ही बाई त्याच्याकडेच बघणार होती, वकीलसाहेबांकडे नाही, खंडेरावाकडे नाही. सभेत हजार माणसांनी टाळी दिली तेव्हा त्याला इतकं ओझं वाटलं नव्हतं.

"येतो," तो म्हणाला. 

लाडकीने भाकऱ्या फडक्यात बांधल्या. जिवल्या रागाने फुगून ओट्यावर बसला होता. तिने त्याच्या सदऱ्याची गुंडाळी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. तो ती काखेत मारून उठला. चिंतू बांधापर्यंत शिव्या देत आला आणि तिथेच थांबला.

पायवाटेवर आनंदा सवयीने मागे राहिला, तर लाडकी थांबली.

"तू फुडं हो," ती म्हणाली. "मागं ठेवला तर पलशील."

तो पुढे झाला. मागे दोघांची पावलं वाजत होती. स्टेशन दिसेपर्यंत आनंदा मनातल्या मनात तेच हिशेब मांडत राहिला, दहांतले चार, दहांतले सहा, आणि दर वेळी जिवल्याला कुठल्या बाजूला बसवावं ते त्याला ठरवता येईना.