लाल रकाना

माता-बाल आरोग्य केंद्राने गेल्या वर्षी कुपोषण संपवलं. नेमकं सांगायचं तर मार्चअखेरीस, दुपारी चारच्या सुमाराला. वरच्या कार्यालयाने तसं पत्र पाठवलं, पत्रासोबत एक ढाल पाठवली, आणि नव्या वर्षाच्या नोंदवहीतून लाल रकाना काढून टाकला. पूर्वी तीन रकाने असायचे. हिरवा म्हणजे बाळ ठणठणीत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आजच्या आज मोठ्या दवाखान्यात पलंग मिळवा. आता लाल मुलंच उरली नाहीत तर रकाना कशाला, तेवढाच कागद वाचेल, असा त्यामागे विचार होता. वाचलेल्या कागदावर अभिनंदनाची पत्रं छापली.

केंद्रातल्या सिस्टरना या निर्णयाबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. पंचवीस वर्षं दर बुधवारी मुलं तोलणाऱ्या बाईला एवढं कळतं की वरून आलेलं पत्र आणि वरून आलेला पाऊस, दोन्हींशी वाद घालून उपयोग नसतो.

आठ महिने निभावलं. नवव्या महिन्यातल्या, डिसेंबरच्या एका बुधवारी शिलाईच्या कारखान्यात धागे कापणारी एक पोरगी आपली मुलगी घेऊन आली. सात महिन्यांची होती. नाव काहीतरी मोठं ठेवलेलं होतं, पण घरात सगळे ठकी म्हणत.

"पंधरा दिवस झाले हो सिस्टर, पोटात काही टिकतच नाही. सासू म्हणते, दात येतायत."

"दात पोटातून येतात का तुझ्या सासूकडे?" मावशी म्हणाली. मावशी म्हणजे केंद्रातली आया. झाडू मारणं, मुलांना धरणं आणि टोमणे मारणं ही तिची तीन कामं, पहिली दोन पगारी.

सिस्टरनी ठकीचे कपडे काढून तिला काट्यावर ठेवलं. चार किलो आठशे. त्यांनी तिच्या पायावर अंगठा दाबून पाहिला, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी आपल्या जागी परत जायला निवांत वेळ घेत होती. सिस्टरनी आकडा टॅबमध्ये भरला आणि नोंदवही उघडली. हिरवा. पिवळा. त्यापुढे समास.

सिस्टरनी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि समासात सरळ रेघ मारून एक रकाना केला. त्यात ठकीला लिहिलं. मग वरच्या कार्यालयातल्या साहेबांना फोन केला, कारण पलंगाच्या चिठ्ठीवर साहेबांची सही लागते.

"लाल? कुठे लाल?" साहेब म्हणाले.

"काट्यावर, साहेब."

"नोंद केलीत?"

"केली."

"अहो, पण कशात?"

ठकी पंधरा दिवस आजारी होती, तेव्हा कुणी आलं नव्हतं. तिची नोंद झाली म्हटल्यावर साहेब चाळीस मिनिटांत आले. वाटेत चहासुद्धा घेतला नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ठकीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. "एवढ्या गारठ्यात मूल उघडं ठेवता?" ते म्हणाले. "कपडे घाला आधी." आईने स्वेटर घातला. "टोपी?" टोपी घातली. "मोजे नाहीत?" होते. साहेबांनी स्वतः आईच्या खांद्यावरची शाल काढून, चार घड्या करून ठकीभोवती गुंडाळली. रडू नये म्हणून हातात खुळखुळा दिला. तो ठकीला धरवेना, म्हणून शालीत खोचला.

"आता घ्या वजन."

"साहेब, तुमची बॅग पण ठेवू का?" मावशीने विचारलं. "तिला सोबत होईल."

पाच किलो चारशे. पाच तीनशेच्या वर पिवळा. साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला, टॅबमध्ये आकडा भरला आणि सिस्टरची लाल रेघ व्हाइटनरने हळुवार पुसली, जशी एखाद्याच्या गालावरची शाई पुसावी.

इथे एक घोटाळा झाला. टॅबमध्ये भरलेला आकडा खोडता येत नाही. त्यामुळे ठकीची दोन वजनं तिथे राहिली, दोन्ही त्याच दिवसाची, मध्ये पाऊण तासाचं अंतर. टॅबने आपल्या परीने हिशेब केला आणि एक हिरवा तारा दाखवला: *सर्वात जलद वजनवाढ. अभिनंदन, माता!*

साहेब ताऱ्याकडे बघत राहिले. मग आईकडे वळून म्हणाले, "काय देता हो हिला?"

"काहीच टिकत नाही, साहेब."

"तरी पण," साहेब म्हणाले आणि गेले.

सिस्टरनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साध्या कागदावर चिठ्ठी लिहिली, आईला बसमध्ये बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. ठकी मांडीवर होती. शाल काढल्यावर ती फारच थोडी उरली होती.

मोठ्या दवाखान्यात खिडकीमागे एक क्लार्क होता, तरुण आणि नम्र. त्याने ठकीचा नंबर घातला आणि खुर्चीत ताठ झाला.

"ही? अहो, हिचं वजन पाऊण तासात सहाशे ग्रॅमनी वाढलंय."

"ते कपडे होते," सिस्टर म्हणाल्या.

"इथे कपडे लिहिलेलं नाही." त्याने कागदावर गुणाकार केला. "दिवसाला सहाशेच धरू. तरी वर्षात दोनशे एकोणीस किलो होतात. वजन वाढवायच्या वॉर्डात घेतलं आणि उद्या कुणी विचारलं, तर मी काय सांगू?"

"पलंग आहेत ना रिकामे?"

"सगळेच रिकामे आहेत. लाल रकाना बंद झाल्यापासून एक मूल आलेलं नाही. वॉर्डाला कुलूप आहे."

"मग किल्ली?"

"लाल चिठ्ठीवर मिळते."

"डॉक्टरांना तरी दाखवू दे, बाबा."

"मुलांचे डॉक्टर वॉर्ड बंद झाल्यावर कुपोषणमुक्तीची पोस्टर तपासायला गेले. सोमवारी येतात." त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "तातडीच्या विभागात बघू का? ताप आहे? जखम? भाजलंय?"

"नाही. बारीक आहे."

त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "'बारीक' नाहीये हो." मग त्याने पुन्हा खालपासून वरपर्यंत वाचली.

कुलूप लावलेल्या दारासमोर बाक होतं. दाराला काच होती. आत आठ छोटे पलंग, गाद्यांवर कारखान्यातलं प्लॅस्टिक तसंच. सिस्टरनी कडी हलवून पाहिली. मग खांदा लावून पाहिला. पलीकडून जाणाऱ्या वॉचमनने विचारलं, "काही राहिलंय का आत?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला.

"सिस्टर," आई म्हणाली, "आज सकाळपासून रडलीच नाही ती. बरंच आहे ना?"

पंचवीस वर्षांत सिस्टरना आयांनी नाही नाही ते विचारलं होतं आणि प्रत्येकीला उत्तर मिळालं होतं. "दूध पाजून बघ," त्या म्हणाल्या.

आईने ठकीला पदराखाली घेतलं. ठकीने तोंड लावलं. ओढलं नाही. आईने गालावर बोट फिरवलं, तळव्याला गुदगुल्या केल्या, "ए ठके, ए आळशी," असं लाडाने दटावून पाहिलं. सिस्टर काचेतून पलंगांकडे बघत होत्या. त्या गुदगुल्या करायला ठकी अजून किती वेळ उरणार, हे त्यांना माहीत होतं आणि आईला नव्हतं.

खिडकीवरचा क्लार्क जेवायला निघाला. जाताना त्याने बाकाच्या वरचा पंखा सुरू केला. मग गारठा आठवून बंद केला.

"एकटं पडायला नको म्हणून आलात तुम्ही माझ्याबरोबर," आई म्हणाली. "रजा गेली तुमची."

"जाऊ दे गं."

"मग आता पुन्हा बुधवारी आणू ना हिला?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "बुधवारी आण."

अजून हाच बुधवार संपायचा होता.