मनीच्या भाकरीवर पोसलेली शेळी

मी शेळी बोलतीय. लोणी भापकरच्या मल्हाररावांच्या दारातली. आता दात पडल्यात, पण तोंड काय गप बसत न्हाय.

मल्हाररावांनी कळप इकला, ऊस लावला. मी तेवढी ऱ्हायले. का म्हंजी? मी खोडील, बाजारात कुणी घीना!

त्र्याण्णव साली माझं नशीब फळफळलं. त्यांची मनिषा बारामतीला कॉलेजात जायची. अंगानं भरलेली. यष्टीतली पोरं तिला रोडरोलर म्हणायची. तवापासनं ती वढणीत लपवून भाकरी आणायची नि माझ्यापुढं टाकायची. "खा गं बाय, कुणाला सांगू नगंस." मी कशाला सांगतीय! अशी फुगले, की तिची आय भामाबाई म्हणली, "गाभण हाय वाटतं."

हिकडं मनीचं केस गळाय लागलं. पाळी थांबली. एकदा न्हाणीत चक्कर यिऊन पडली. भामाबाईनं तिला बारामतीच्या दवाखान्यात न्हेली. आल्यावर खुशीत सांगत हुती, "डॉक्टरनं काट्यावर उभी केली. म्हणलं, वजन उतरतंय, छान! अजून उतरवा, चक्कर थांबंल."

दुसऱ्या दिशी सगळी जेवाय बसली. मनीनं भाकरी वढणीत सारली. मला वास आला. दावं तोडलं नि थेट सैपाकघरात! वढणी दातात धरून अशी वढली, की भाकरी सगळ्यांम्होरं पडली.

भामाबाईनं लाकूड उगारलं, पण हात तसाच ऱ्हायला. "मने, तू जेवत न्हाईस?"

"लई दिस झालं, आये."

"एवढ्या अंगाची पोरगी उपाशी?" मल्हारराव म्हणलं. "मग डॉक्टरला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं की आबा. ते हसलं."

मल्हाररावांनी आपलं ताट बाजूला सारलं. मी तेवढी भाकरी खात हुते.

मग भामाबाईनं तिला इंदापूरला डॉक्टरीणबाईकडं न्हेली. तिनं म्हणं काटा पायानं बाजूला सारला. नाडी बघितली, रगत तपासलं, नि इचारलं, "बाळ, शेवटचं पोटभर कधी जेवलीस?" मनी तितंच रडली. बरी व्हायला लई महिनं लागलं.

त्याला सात-आठ वर्सं झाली. आता मी वाळलेय. लोक म्हणत्यात, म्हातारी खंगली. खंगंना का! आख्ख्या घरात उपाशी कोण, ते मी दावलंय. तुमी बी जाड माणूस बघून हसू नगा, न्हायतर दावं तोडून यीन.

मनी अजून बी अंगानं भरलेलीच हाय. काल तिच्या ताटात तोंड घातलं, तर शिंग धरून म्हणली, "हट! ही माझी भाकर हाय."