एक हिरवा हेडफोन

आमच्या बँडविरुद्ध पहिली तक्रार शेजाऱ्यांनी केली, दुसरी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने केली आणि तिसरी आमच्याच ड्रमरच्या आईने केली. ती त्या भागात राहतही नाही.

बारच्या मालकाने हात टेकले. शनिवारी लाइव्ह बँड तर हवा, पण आवाज नको, यातून त्याने मार्ग काढला. कोपऱ्यात काचेची बंद खोली बांधली, आम्हाला तिच्यात घातलं आणि गिऱ्हाइकांना हेडफोन वाटले. हेडफोनवर एक बटण. लाल म्हणजे नाचायची गाणी, निळा म्हणजे जुनी गाणी आणि हिरवा म्हणजे आम्ही. जे निवडाल त्या रंगाचा दिवा कानावर लागायचा. ‘या वीकेंडला शहरात काय कराल’ अशी एक यादी दर शुक्रवारी वेबसाइटवर यायची, तिच्यात आमचा बार झळकला. नाचायला भरपूर जागा, अभिनव कल्पना, पार्किंगची सोय. आमचा उल्लेख नव्हता. पार्किंगचा दोनदा होता.

आम्ही म्हणजे तिघं. दादा, माझा सख्खा मोठा भाऊ, गातो, गिटार वाजवतो आणि गाणीही स्वतःच लिहितो. मी बेस वाजवतो, कारण बेस घ्यायची वेळ आली तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. ड्रमरला आम्ही कुकर म्हणतो. तो बराच वेळ शांत असतो आणि मग एकदम नसतो.

इतकी वर्षं दादाला अंधाराची फार मोठी सोय होती. समोर माणसं बसलेली असायची आणि ती आपलंच ऐकताहेत असं समजायला कोणाची हरकत नव्हती. आता प्रत्येक डोक्यावर दिवा आला. पहिल्या शनिवारी सगळा हॉल लाल आणि निळा. दुसऱ्या शनिवारीही तेच. आपलं गाणं कोणी ऐकत नाही असा संशय असणं वेगळं आणि त्याची रोषणाई केलेली बघणं वेगळं.

तिसऱ्या शनिवारी काचेच्या खोलीत गिटार सुरात लावता लावता दादा म्हणाला, “आज एकही हिरवा दिसला नाही तर संपलं. सोमवारपासून मी टाइल्समध्ये.”

टाइल्स म्हणजे वहिनीच्या भावाचं दुकान. तो दादाला कधीपासून बोलावत होता आणि तेही प्रेमाने, त्यामुळे चिडताही येत नव्हतं. वहिनी या विषयावर अवाक्षर बोलत नव्हती. तिने फक्त पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट इस्त्री करून ठेवले होते.

“आणि दिसला तर?” कुकरने विचारलं.

“तर मेहुण्याला कायमचा नकार. मग मरेपर्यंत हेच.”

“यातलं बक्षीस कुठलं नि शिक्षा कुठली, तेवढं सांग,” कुकर म्हणाला.

आम्ही सुरू केलं. आम्ही तिघं एकमेकांना कानातल्या वायरींमधून ऐकत होतो. काचेपलीकडे लाल डोकी उड्या मारत होती, निळी डोकी एकमेकांच्या खांद्यावर टेकली होती. चौथ्या गाण्याला दादाचा आवाज बसत चालला. दम लागून नव्हे. त्याला आतून टाइल्स दिसायला लागल्या होत्या, हे मला कळत होतं.

आणि मग लांबच्या भिंतीशी, लोकांनी कोट टांगले होते तिथे, एक हिरवा दिवा लागला.

मला वाटलं, चुकून लागला असेल. लालवरून निळ्याकडे जाताना मध्ये हिरवा लागतोच, जसं दुसऱ्या मजल्यावर जाताना पहिला लागतो. पण तो टिकला. पिवळा स्वेटर घातलेली एक बाई होती. डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून बसली होती. दादाने तिला बघितलं आणि तो असा गायला लागला की कुकर चक्क तालात आला.

मध्यंतरात दादाने मला ढकललंच. “जा, आभार मान. आणि उत्तरार्धात थांब म्हणावं, नवीन गाणं आहे.”

मी गेलो. तिने एक कान मोकळा केला.

“नमस्कार. मी त्या काचेतला,” मी म्हणालो. “बेस.”

तिने मान वळवून बघितलं. “अगंबाई. तिथे खरी माणसं आहेत? मला वाटलं टीव्ही लावलाय.”

“तुम्ही आमचं गाणं ऐकत होता ना, म्हटलं आभार मानावेत.”

“गाणं?” म्हणत तिने हेडफोन काढून माझ्या कानांना लावला. काचेमागे कुकर मध्यंतरातही ड्रम बडवत होता, घामाघूम झाला होता. हेडफोनमध्ये काहीही नव्हतं. साधी खरखरही नाही.

“हिरवा बिघडलाय. म्हणून तर लावला,” ती म्हणाली. “मैत्रिणीचा वाढदिवस आहे, निघता येत नाही. लाल लावला की डोकं दुखतं, निळा लावला की रडू येतं. हा एक बरा आहे. कोणाला सांगू नका हं, लगेच दुरुस्त करून ठेवतील.”

“पुढच्या शनिवारी याल?”

“मी? मला शनिवारी घरी झोपायला आवडतं.”

मी काउंटरमागे गेलो. तिथे हेडफोनना गाणी पाठवणारे तीन डबे होते, प्रत्येक रंगाचा एक. हिरव्या डब्याचा प्लग खाली लोंबत होता आणि त्याच्या जागी मालकाचा फोन चार्ज होत होता.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून असेल,” मालक म्हणाला. “कोणी बोललंच नाही रे. लावू का?”

मी प्लग हातात घेतला. तो लावला की ती बाई उठणार, हे नक्की. पण एवढंच नव्हतं. तीन शनिवार कोणी आम्हाला नाकारलंच नव्हतं. लोकांनी एक बंद डबा नाकारला होता. आता डबा चालू केला, लोकांनी दादाचा आवाज नीट ऐकला आणि मग सावकाश बटण दाबून लाल लावला, तर ते दादाला काचेतून दिसणार होतं. मलाही दिसणार होतं.

“असू दे,” मी म्हणालो. “तुमचा फोन होऊ दे चार्ज.”

परत आलो तर दादा दारातच उभा. “काय म्हणाली?”

“म्हणाली, दुसरं काही ऐकवत नाही.” यातला एक शब्दही खोटा नव्हता.

“आणि पुढच्या शनिवारी?”

“येते म्हणाली.” हा होता.

नवीन गाणं दादा जे गायला, ते मी आयुष्यात ऐकलेलं त्याचं सगळ्यात चांगलं गाणं होतं. माझ्या नि कुकरच्या कानातल्या वायरींपलीकडे ते कुठेही गेलं नाही. तिकडे बाईची मान हळूहळू छातीवर आली, दचकून वर गेली, पुन्हा खाली आली.

“बघ,” दादा कानात म्हणाला, “मान डोलवतेय.” कुकरने माझ्याकडे बघितलं. मी बेसकडे बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर दादाने आम्हा दोघांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि मेहुण्याला फोन लावला. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. एक शब्द ऐकू आला नाही. त्याने नकारार्थी मान हलवली, हसला, पुन्हा मान हलवली, छातीवर हात ठेवून काहीतरी समजावलं. मग मला बघून अंगठा वर केला. मीही केला. मेहुणा फार चांगला माणूस आहे. तो अजून एकदा विचारत असणार, कारण दादाने डोळे पुसले आणि पुन्हा मान हलवली.