अनवाणी

यज्ञेश्वररावांनी चपला विमलाबाईंच्या पिशवीत टाकल्या आणि भर दुपारी मंदिराच्या उघड्या आवारात पाऊल ठेवलं.

"सकाळी आलो असतो तर काय देवी रागावली असती?" विमलाबाई म्हणाल्या.

"सोपा असला तर तो नवस कायचा?"

रक्तात साखर निघाल्याला आठवडाही झाला नव्हता. नवरा गोळ्या घेत होता, फिका चहा निमूट पीत होता; पण त्याची भीती वेगळीच होती, हे विमलाबाईंना ठाऊक होतं. याच साखरेपायी थोरल्या दिरांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता. आपले पाय वाचावेत म्हणून यज्ञेश्वरराव देवीला अनवाणी प्रदक्षिणा बोलले होते. डॉक्टरांनी तर घरातसुद्धा अनवाणी फिरू नका म्हणून बजावलं होतं.

"त्यायले देवाधर्माचं काय समजते," एवढ्यावर यज्ञेश्वररावांनी तो विषय मिटवला होता.

पुरानी बस्तीतलं वैशाखाचं ऊन दगडातून वर येत होतं. आवारात माणसं टाचा उचलून पळत होती. एक पोट्टी रडत आईच्या कडेवर चढली. यज्ञेश्वरराव मात्र हात जोडून, बोहल्याकडे निघालेल्या नवरदेवासारखे संथ चालले होते.

"काकाजी, पाँव जल जाएगा!" सावलीतून फुलवाली ओरडली.

"अरे, हमारे लिए माता ने एसी लगा दिया है!"

फुलवाली हसली. विमलाबाईंनाही हसू आलं. साखर निघाल्यापासून पहिल्यांदाच ते असं मोकळं बोलले होते. नवऱ्याला पाणी द्यायला म्हणून त्यांनी सावलीबाहेर उघडं पाऊल टाकलं, आणि चटका मस्तकापर्यंत गेला. त्या झटकन मागे सरल्या. ओठांवरचं हसू तसंच राहून गेलं.

प्रदक्षिणा संपवून यज्ञेश्वरराव पायरीवर टेकले. चेहरा उजळला होता.

"पाह्यलं? मले काहीच झालं नाही. देवीनं ऐकलं माझं."

"पाय दाखवा."

"काहून?"

"दाखवा म्हणते ना."

कुरकुरत त्यांनी पाय वर घेतला आणि कळसाकडे पाहत बसले. विमलाबाईंनी तो मांडीवर ओढला. टाचेची कातडी पांढरी पडून फुगली होती. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला. हळूच दाबला. मग शेजारच्या तळव्यात नख रुतवलं.

"पाहायचं आहे तर पाह्य ना लवकर," कळसावरची नजर न काढता ते म्हणाले, "नुसती बसून काय राहिली? लाव हात."