ड्रायसूटच्या गळ्याला लावलेलं तेल

खांदा कॉलनीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात दाराआड एक काळा, बिनडोक्याचा माणूस लटकलेला दिसेल. घाबरू नका मित्रांनो, तो मीच. मी पाणबुड्याचा ड्रायसूट आहे. आता म्हातारा झालोय, गुडघ्यांवर ठिगळं आहेत. शेजारपाजारचे मला रेनकोट समजतात. पूर्वी राग यायचा, हल्ली येत नाही.

रेनकोट वरून पडणारं पाणी अडवतो. मला घालून माणूस पाण्याच्या तळाशी जातो आणि तरीही कोरडा राहतो. माझ्या मनगटांना आणि गळ्याला पातळ रबर आहे, ते कातडीला घट्ट बिलगतं. पाठीवरची चेन सोबत्याने ओढून लावायची. आत लोकरीचे कपडे आणि थोडी हवा, एवढ्या भांडवलावर माणूस बर्फगार पाण्यात काम करून येतो. पण गळ्याचं रबर बिघडलं की मी कवडीमोल. गार पाणी आत शिरतं, हातपाय आखडतात आणि वर यायचं बळच उरत नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला फुगवून टाकीत बुडवलं आणि कुठून बुडबुडा निघतो का ते पाहिलं. एकही निघाला नाही, हे मी अजून ज्याला त्याला ऐकवतो. पुढे पाण्याखालची कामं करणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं आणि २००९ साली मी प्रितमच्या ताब्यात पनवेलला आलो. तेही ऐन मे महिन्यात. ऊन मी म्हणत होतं. या गावात माझं कसं व्हायचं, असं मला वाटून गेलं.

प्रितम उरणकडच्या कोळीवाड्यातला. एरवी तो बंदरात जहाजांच्या बुडाशी काम करायचा. तिथलं पाणी कोमट, मला कोण विचारतो? मी आपला माळ्यावर पिशवीत पडून असायचो. पण हिमाचलातल्या एखाद्या धरणाचं काम निघालं की माझी आठवण व्हायची. मग माझा थाट काय विचारता! बर्फ वितळून आलेल्या पाण्यात प्रितम उतरायचा, धरणाच्या दारात अडकलेले ओंडके मोकळे करायचा आणि मी त्याला ऊब द्यायचो. त्याचा जोडीदार कुमार म्हणायचा, "हा नसता तर आपली कुल्फी झाली असती." ते शब्द मी वर्षभर माळ्यावर पुरवून पुरवून वापरायचो.

प्रितमचे वडील दिनानाथ होडीवर जायचे. ते वारले आणि त्याची आई गंगाबाई आमच्याकडे राहायला आल्या. मोठ्या मायेची बाई, पण पाण्याच्या बाबतीत मनाने कायम धास्तावलेली. वादळवाऱ्यात नवरा परत यायचा तो निथळत, कुडकुडत, आणि गंगाबाई बंदरावर सुके कपडे घेऊन उभ्या असायच्या. पाण्यातून माणूस कोरडा येतो, हे त्यांना कुणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

त्या वर्षी दसऱ्याला प्रितम कामावर होता. घरातल्या अवजारांची पूजा करायची म्हणून गंगाबाईंनी मला खाली काढलं, पाटावर ठेवलं, झेंडूचा हार घातला. इतका मान मला आजवर मिळाला नव्हता. मी चांगलाच फुशारलो. मग त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणली. त्यांच्याकडे होडीच्या लाकडाला तेल चोपडायची रीत होती. "गला पार सुकलाय रं बाबा तुजा," म्हणत त्या माझ्या गळ्याला तेल चोळत बसल्या. दुसऱ्या दिवशीही चोळलं, तिसऱ्या दिवशीही.

मित्रांनो, तो हात फार मायेचा होता. पण तेल हे माझ्या रबराचं विष. रबर तेल पितं, फुगतं, सैल पडतं. वरून मात्र गळा नव्यासारखा चकाकायला लागला. ओरडून सांगावं तर मला तोंड नाही.

प्रितम परतला तो हिमाचलच्या कामाचं बोलावणं घेऊनच. गंगाबाईंनी पिशवी भरून ठेवली होती. त्याने मला वरवर पाहिलं. "झकास चमकतोय," म्हणाला आणि पिशवीची चेन बंद केली. तिकडे दऱ्याखोऱ्यांत जादा रबर मिळणार नव्हतं. हा असाच उतरला तर?

निघायच्या आदल्या दिवशी गंगाबाई दारात बसल्या.

"मना एकदा बगायचंय. ह्यो घालून पान्यात उतर आनि कोरडा बाहेर ये. मंग खुशाल जा."

"आये, कुमार हाय माज्यासंगती. समदी काळजी घेतो आमी."

"तुजा बापूस पन ह्येच बोलायचा आनि भिजून कुडकुडत यायचा."

त्याची बायको मोनाली आतून म्हणाली, "अहो, जाऊन येऊ ना नेऱ्याकडे नदीवर. दुपारपर्यंत परत येऊ. आईंना झोप नाही लागत."

कुमारही विचुंब्याहून आला. नदीकाठी म्हशी धुणारे लोक काम सोडून बघत उभे राहिले. त्या उन्हात लोकरीचे कपडे आणि वर मी, प्रितम घामाने डबडबला. कुमारने चेन लावली, दोरी हातात धरली आणि आम्ही डोहात शिरलो.

पाणी गळ्याशी आलं. मी जीव एकवटून गळा आवळायला गेलो, पण त्यात जोरच नव्हता. पाणी सरळ आत घुसलं. छाती भिजली, पाय जड झाले. कुमारने दोरी ओढून प्रितमला काठावर घेतलं तेव्हा माझ्यात बादल्याच्या बादल्या पाणी होतं. लोक खो खो हसले. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. जे व्हायचं ते कोमट पाण्यात, घराजवळ, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

कुमारने माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं. "तेल? हे कुणी लावलं?"

"मी," गंगाबाई म्हणाल्या आणि दगडावर बसल्या. "माज्या हातानं मी माज्या पोराला..."

ओलाचिंब प्रितम त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आये, चूक माजी. मी नुसती चमक बगितली, हात लावून बगितलाच नाय. तू हट्ट केला नसता, तर मी तितंच उतरलो असतो."

कुमारकडे घरी जादा रबर होतं. जाणं पुढे ढकललं. माझा गळा कापून नवा चिकटवला, तो नीट वाळू दिला आणि पाण्यात बुडवून पुन्हा तपासला. दुखलं, नाही असं नाही. गंगाबाई बाजूला बसून सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी भीतभीत विचारलं, "याला मंग लावायचं तरी काय?"

"पावडर, आये. बिनवासाची. दुसरं काय बी नाय."

त्यांनी पावडर मागवली आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर लावतात तशी माझ्या गळ्याला लावली.

चार दिवसांनी आम्ही धरणावर होतो. पाणी असं गार, की कुमारने नुसता हात बुडवला आणि सी सी करत बाहेर काढला. प्रितम खाली गेला, ओंडका सोडवला, वर आला. माझा नवा गळा तसूभर हलला नव्हता. कुमारने चेन उघडली आणि प्रितमने आधी घरी फोन लावला.

"भिजलास?" पलीकडून एवढंच आलं.

"नाय, आये. अंगातला सदरा आता इस्त्री करून घातल्यावानी हाय."

मग गंगाबाई म्हणाल्या, "बरं. जेव आता."

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर जीव असेल तर तिला काय चालतं आणि काय नाही, ते आधी विचारून घ्या. नुसती चमक बघून पिशवी बंद करू नका, हात लावून बघा. आणि तुम्ही घाईत असताना घरातलं कुणी म्हणालं, "एकदा दाखवून जा," तर चिडू नका. दाखवून जा.